आधी पेरुमाळ पडायचा

आमच्या घरी अठरा दिवस राहून गेलेली दोन माणसं एका तमिळ पिक्चरमध्ये आहेत, पण त्यांचा चेहरा त्यात एकदाही दिसत नाही. परवा माझ्या नातीनं तो पिक्चर मोबाईलवर शोधून काढला. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र ती हिंदीवर घसरते. "आजी, इसमें तुम्हारे वाले कौन हैं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी बोट ठेवून दाखवत गेले. हा काच फोडून बाहेर पडला ना, तो पेरुमाळ. जिन्यावरून गडगडत खाली आला, तो सेल्वम. जळत्या गोदामाच्या छपरावरून पाठमोरा उडी टाकतो आहे, तोही सेल्वमच. नात म्हणाली, नुसत्या पाठीवरून कसं ओळखतेस? मी म्हटलं, बाई, त्यांना अठरा दिवस वाढलं आहे. आपल्यासमोर वाकून जेवलेल्या माणसाची पाठ विसरता येत नाही.

आम्ही तेव्हा जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, पुढे एक लांबट बैठक आणि डोक्यावर मोकळी गच्ची. घरात वऱ्हाडी बोलणं आणि जिना उतरलं की हिंदी, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शेवटच्या पायरीवर भाषा आपोआप बदलायची. बाबा केंद्र सरकारच्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते. आईचं माहेर वर्ध्याकडचं. जबलपुरात वीस वर्षं काढूनही ती तिखट तिकडचंच मागवायची. मी पंधरा वर्षांची, आणि माझा भाऊ मधूदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो बी.एस्सी.ला दोनदा नापास झाला होता आणि त्याचा सगळा जीव नर्मदेत होता. सकाळी सायकल काढायची आणि ग्वारीघाटला नाहीतर थेट भेडाघाटला जायचं, नावाड्यांच्या पोरांबरोबर पोहायचं आणि दुपारी डोळे लाल करून घरी यायचं. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. आरडाओरडा नाही, मारणं नाही. फक्त बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर मला सांगायचे. "त्याला म्हणावं जेवून घे." "त्याला म्हणावं सायकलची चेन घासून राहिली आहे, तेल टाक." दादा समोरच बसलेला असायचा, तरी मी पोस्टमनसारखं ते वाक्य चार हात पुढे नेऊन द्यायची. घरात असं आठ महिने चाललं होतं. आईनं आधी समजावलं, मग रडून पाहिलं, आणि शेवटी तीही त्याला सरावली.

बाबांच्या ऑफिसात एक तमिळ गृहस्थ होते. त्यांना सगळे मणिअण्णा म्हणायचे. मद्रासकडून पिक्चरवाल्यांचं एक युनिट भेडाघाटला शूटिंगला आलं, आणि त्यांना हिंदी येईना म्हणून मणिअण्णा रजा टाकून त्यांचे दुभाषी झाले. हॉटेलात मोठ्या लोकांची सोय झाली, लहान लोकांची कुठेकुठे वाटणी सुरू झाली. एका संध्याकाळी मणिअण्णा आमच्याकडे आले आणि बाबांना म्हणाले, वानखडेजी, दोन सख्खे भाऊ आहेत, फार सज्जन, तुमच्या बैठकीत राहू द्या. काय काम करतात, असं बाबांनी विचारलं. मणिअण्णांनी जरा थांबून सांगितलं की ते पडण्याचं काम करतात. हिरोच्या ऐवजी उड्या मारायच्या, मार खायचा आणि पडायचं.

मणिअण्णा गेल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "घरात मोठी पोरगी आहे, अन् तुम्ही मारामारीची माणसं आणून राहिले? काहून? दुसरं कोणी भेटलं नाही त्यांना?" बाबा म्हणाले, मणिनं त्याच्या वडिलांच्या आजारपणातसुद्धा आपलं काम अडू दिलं नाही, त्याला मी नाही कसं म्हणू? आईनं अटी घातल्या. घरात मटण नाही, दारू नाही, आणि बैठकीच्या अलीकडे पाऊल नाही. शेवटची अट तिनं स्वतःच तिसऱ्या दिवशी मोडली.

मी मनात दोन राक्षस धरून बसले होते. दारात आले ते दोघं चपला हातात घेऊन उभे राहिले, कारण नुकतीच फरशी पुसली होती आणि चपला ठेवायच्या कुठे हे त्यांना कळेना. मोठा पेरुमाळ पस्तिशीचा, बुटका, जाडसर. नाक मधेच मोडून एका बाजूला बसलेलं आणि आवाज मात्र इतका हळू की कान द्यावा लागायचा. धाकटा सेल्वम बावीसचा, उंच, सडपातळ, गालावर खळी. दोघांना मिळून हिंदीचे पन्नास शब्द येत असतील. पेरुमाळनं आईला वाकून नमस्कार केला आणि "अम्मा" म्हणाला. आईनं पदर सावरला आणि मला हळूच म्हटलं, याच्या नाकाचं कोणी केलं असंल गं असं.

ते संत वगैरे नव्हते, हेही सांगून टाकते. पेरुमाळ पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचा आणि पकडला गेला की उंबरठ्याकडे तोंड करून रुसून बसायचा. गरम पाण्याच्या बंबातलं पाऊण पाणी तो एकटा संपवायचा. दुमजली घराच्या छपरावरून बेधडक उडी टाकणारा हा माणूस न्हाणीत पाल दिसली तर आत पाऊल ठेवत नसे, मला बोलावायचा. मी झाडूनं पाल हाकलायची आणि तो बाहेरून डोकावून खात्री करून घ्यायचा. सेल्वम दिवसातून दहा वेळा आरशात बघायचा. चेहरा कोणालाच दिसणार नसलेल्या माणसाला आरशाचा एवढा सोस, याचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

रोज सकाळी उजाडल्यावर त्यांचा सराव गच्चीवर सुरू व्हायचा. आईनं दोन जुन्या गाद्या आणि एक गोधडी दिली होती. खाली स्वयंपाकघरात आम्हाला आधी पावलांचा आवाज यायचा, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग धप्प. फळीवरची पितळेची भांडी किणकिणायची, छताचा चुना वरणात पडायचा. आई पहिले दोन दिवस वैतागली, तिसऱ्या दिवसापासून पातेल्यावर झाकण ठेवायला शिकली. त्या आवाजात एक गंमत होती, ती मला चार-पाच दिवसांनी कळली. धप्प कधीही एकदाच यायचं नाही, जोडीनं यायचं. पहिलं जड, दुसरं हलकं. म्हणून मी एकदा तुरी निवडायचं निमित्त करून सूप घेऊन वर गेले आणि बघत बसले.

सेल्वमला जे करायचं असेल ते आधी पेरुमाळ करायचा. कठड्यावरून पाठीवर पडायचं असेल तर पहिल्यांदा पेरुमाळ पडायचा. उठून गादी दोन बोटं इकडे सरकवायचा, गोधडीची सुरकुती हातानं काढायचा, पुन्हा पडायचा. मग मान हलवायचा आणि सेल्वम पडायचा. मधूदादा तोवर त्यांचा चेला झालाच होता, त्यानं मला सांगितलं की शूटिंगलाही हे असंच असतं. पिक्चरमध्ये सेल्वमची प्रत्येक उडी एकदाच दिसते, पण ती मारलेली असते दोनदा. पहिली पेरुमाळची, कॅमेरा बंद असताना. तिचे पैसे नाहीत, नाव नाही. युनिटमधली माणसं त्याला हसायची, म्हणायची, याला पडल्याशिवाय अन्न पचत नाही. मी त्या दिवशी सूप मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसले. आम्हा मुलींना तेव्हा पराक्रम म्हणजे काय ते पडद्यावरच्या हिरोंनी शिकवलेलं होतं. हा बुटका माणूस गोधडीची सुरकुती काढत होता, आणि मला वाटलं, हे त्याहून मोठं काहीतरी आहे. आजही तसंच वाटतं.

तिसऱ्या दिवशी सेल्वमला ताप आला म्हणून पेरुमाळ रसम करायला आमच्या स्वयंपाकघरात आला आणि मग तिथून निघालाच नाही. चिंचेचा कोळ, मिरे, जिरं, वरून तुपातली मोहरी. आईनं चव घेतली आणि म्हणाली, हे तर आपलं सारच आहे, फक्त घाईत केलेलं. मग तिनं त्याला गोळाभात करून घातला. भातावर वाफवलेले बेसनाचे तिखट गोळे कुस्करून वर हिंगाची गरम फोडणी पाहिली, तेव्हा तो ताटासमोर हात जोडून बसला. थंडीचे दिवस होते, बाजारात हिरवे वाटाणे पोत्यांनी आले होते. आम्ही सगळे शेगडीभोवती वाटाणे सोलत बसायचो आणि दाणे टोपल्यात कमी, सेल्वमच्या तोंडात जास्त जायचे.

अशाच एका दुपारी पेरुमाळनं आम्हाला पिक्चरची गोष्ट सांगितली. शब्द कमी पडत होते म्हणून त्यानं भांडी मांडली. तांब्या म्हणजे मोठा भाऊ, पेला म्हणजे धाकटा. खलबत्ता म्हणजे बंदरावरचा दादा, ज्याच्या हाताखाली सगळे चोरटे धंदे चालतात. तांब्या धाकट्याला शिकवावं म्हणून खलबत्त्याकडे कामाला लागतो, त्याच्यासाठी माणसं मारतो. पेला मोठा होऊन ते सगळं शोधून काढतो आणि खलबत्त्याच्या शत्रूला जाऊन मिळतो. शेवटी नदीच्या काठी, उंच खडकावर, तांब्याला हुकूम होतो की पेल्याला मार. तांब्या मारत नाही, स्वतःच पाण्यात उडी घेतो. आई भाकरी थापता थापता ऐकत नसल्यासारखं ऐकत होती. तिनं विचारलं, यांची आई कुठं आहे? पेरुमाळनं एक वाटी उचलली आणि पालथी घातली. आई सुरुवातीलाच मरते. आईला ते मुळीच पटलं नाही. ती म्हणाली, मग पोरं बिघडतीलच ना.

यातली मजा अशी की पिक्चरमधला मोठा भाऊ जो हिरो होता तो उंच आणि सडपातळ, म्हणून त्याच्या जागी सेल्वम पडायचा. धाकटा हिरो अंगानं भरलेला, त्याच्या जागी पेरुमाळ. म्हणजे घरातला धाकटा तिथं थोरला आणि थोरला धाकटा. शेवटची नदीतली उडी त्यामुळे सेल्वमच्या वाट्याला आली होती.

ती उडी एका रविवारी होती. मणिअण्णांनी बाबांना गळ घातली की एकदा बघायला तरी या. बाबा कुरकुरत तयार झाले. मधूदादा शूटिंगला पाण्यातला माणूस म्हणून लागला आहे, म्हणजे उडी मारलेल्याला बाहेर काढायचं काम करतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं. आईला चल म्हटलं तर ती म्हणाली, पडणारी माणसं पाहायला मला नाही यायचं. तिनं दशम्या आणि ठेचा बांधून दिला आणि दारातूनच परत फिरली.

भेडाघाटला पांढऱ्या खडकांच्या मधून नदी जाते तिथं पाणी हिरवंगार आणि अगदी मुकं असतं. वर धुवांधार धबधब्याचा आवाज सतत चालू, पण खाली पाणी हलतसुद्धा नाही. पलीकडच्या खडकावर कॅमेरा लावला होता. हिरो शाल पांघरून छत्रीखाली बसला होता. सेल्वमनं त्याच्यासारखाच लाल शर्ट घातला होता, डोक्यावर त्याच्यासारखे केस चिकटवले होते. मला त्यांचे टॉवेल आणि कोरडे कपडे सांभाळायला देऊन पाण्याजवळच्या एका सपाट दगडावर बसवलं होतं. बाबा डबा हातात घेऊन माझ्यामागे उभे होते.

उडीसाठी डायरेक्टरनं एक पांढरा खडक निवडला होता, कारण त्यावर ऊन पडत होतं. मधूदादानं वर पाहिलं आणि तो मॅनेजरकडे गेला. इथून उडी मारू देऊ नका, खाली पाण्यात खडकाची पायरी आहे, असं त्यानं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, नाववाल्यांना विचारलं आहे, वीस माणसं बुडतील इतकं खोल आहे. दादा म्हणाला, नाव मधल्या धारेतून जाते, काठाला लागत नाही, नाववाल्याला काय दिसणार? मॅनेजरला घाई होती. ऊन सरकत होतं, हिरो दुसऱ्या दिवशी जाणार होता. त्यानं दादाला हातानं बाजूला सारलं, भैया, तू अपना काम कर, असं म्हणून.

तेव्हा माझ्यामागून बाबांचा आवाज आला. "मधू, तू सोता पाह्यलंस का ती पायरी?"

आठ महिन्यांत बाबा त्याच्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, वाटलं, हललं तर काहीतरी मोडेल. दादाही क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "हो बाबा. दोनदा पाय टेकले आहेत तिथं. छातीइतक्या पाण्याखाली आहे. पावसाळ्यात कळत नाही, आता पाणी उतरलं आहे."

बाबांनी डबा माझ्या हातात दिला, दगडांवरून जपून चालत मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या ऑफिसच्या हिंदीत म्हणाले, "यह लड़का मेरा है. नदी की बात यह झूठ नहीं बोलेगा. आदमी भेजकर देख लीजिए."

माणूस पाठवायची वेळच आली नाही. पेरुमाळला बोलणं कळलं नव्हतं, पण दादाचा चेहरा कळला होता. तो शर्ट काढून पाण्यात उतरलाही होता. दादा त्याच्यामागे गेला. दोघं बुडी मारून खाली गेले, वर आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा वर आल्यावर पेरुमाळ तिथं पाण्यात उभा राहिला. खरोखर उभा, हात वर करून, पाणी त्याच्या छातीला. डायरेक्टर चांगला माणूस होता. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला की आजची उडी रद्द.

मधूदादानं मग शेजारच्या काळपट खडकाकडे बोट केलं. तो पांढऱ्याच्या दीडपट उंच होता, पण त्याच्याखाली तळ नाही असं तो म्हणाला. आम्ही पोरं तिथून दगड सोडतो, तो कुठं टेकत नाही. सेल्वम लगेच तयार झाला. पेरुमाळ म्हणाला, आधी मी. त्यावर त्या दोघांचं भांडण झालं. मी त्यांचं ऐकलेलं हे एकच भांडण. मणिअण्णांनी मला नंतर सांगितलं, सेल्वम म्हणत होता की तू पस्तीस वर्षांचा आहेस, एवढ्या उंचीवरून तू कधी उतरला नाहीस, आज तरी मला पहिला जाऊ दे. पेरुमाळ सरळ चढायला लागला आणि सेल्वम त्याच्यामागे, बडबडत.

वर तो अगदी लहान दिसत होता. त्यानं पाय जुळवले, हात अंगाला लावले आणि सोडून दिलं. तो निम्म्यावर असेल तेव्हा वरून सेल्वम ओरडला, "अण्णा." नुसतं तेवढंच. भीतीनं निघालेलं. आणि पेरुमाळनं त्या हाकेसरशी मान वळवली.

पाण्याचा आवाज खडकांत घुमला. तो वर यायला वेळ लागला, मधूदादानं बुडी मारलीच होती, तेवढ्यात तो वर आला आणि सावकाश हात मारत माझ्या दगडाकडे आला. मी टॉवेल पुढे केला. त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. माझं तोंड उघडलं असावं, कारण त्यानं ओठांवर बोट ठेवलं. टॉवेल घेऊन कान झाकतील असा डोक्याला फेट्यासारखा गुंडाळला, उभा राहिला, जरासा डुलला, माझ्या खांद्याला धरलं आणि वर बघून हसत भावाला हात केला. ये. चांगलं आहे. मग पाय जुळवून दाखवले, हात चिकटवून दाखवले, आणि मान सरळ ठेव असं बोटानं तीनदा दाखवलं.

कॅमेरा सुरू झाला. सेल्वम आला तो एखाद्या ओळंब्यासारखा, सरळ. मधूदादानं त्याला बाहेर काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबाही वाजवत होते, आणि ते सेल्वमकडे बघत नव्हते.

मी दुपारभर तोंड मिटून बसले. घरी आल्यावर बैठक झाडताना आईलाच कापसाचा लाल बोळा सापडला आणि मग मला सांगावं लागलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसला अर्धी रजा टाकली आणि सेल्वमला म्हणाले की मी तुझ्या भावाला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात खव्याची जिलेबी घ्यायला नेतो. माझ्या माहितीत बाबांनी बोललेलं हे पहिलं खोटं. वाटेत मणिअण्णांना घेऊन ते जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या कानाच्या डॉक्टरकडे गेले. खोटं उघडं पडू नये म्हणून परतताना जिलेबी खरोखर आणावी लागली. ती काळसर, जाड, तुपानं निथळणारी जिलेबी सेल्वमनं एकट्यानं अर्धी संपवली, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो.

स्वयंपाकघरात बाबांनी आईला हळू आवाजात सांगितलं ते मी ऐकलं. कानाचा पडदा फाटला होता, आतही इजा होती. त्या कानानं पुन्हा ऐकू येईल असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पेरुमाळनं मणिअण्णांमार्फत बाबांकडून एकच वचन घेतलं होतं. सेल्वमला सांगायचं नाही. बाबांनी त्याला विचारलं, काहून? कधीतरी कळेलच की. त्यावर पेरुमाळ म्हणाला, तो मायेनं ओरडला. त्या ओरडण्यानं माझा कान गेला हे त्याला कळलं, तर तो जन्मभर हाक मारायला घाबरेल. आमच्या धंद्यात हाक मारायला घाबरून चालत नाही.

आईनं शेगडीवर पाणी चढवलं आणि म्हणाली, "पोटच्या पोरासाठी कोणी एवढं करत नाही." बाबा खाली बघत होते. ते उठले, बैठकीच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "मधू, जेवायला चल." मला निरोप द्यावा लागला नाही. त्या दिवसानंतर कधीच लागला नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही सगळे नाटक करत होतो. सेल्वम काही बोलायला लागला की आई काहीतरी वाढायच्या निमित्तानं पेरुमाळचं तोंड भावाकडे वळवायची. मी जेवताना मुद्दाम भांडी वाजवायची, म्हणजे त्याला ऐकू आलं नाही तरी खपून जावं. मधूदादा मद्रासला जायचं मनात घेऊन बसला होता. त्यानं पेरुमाळला विचारलंही, मला तुमच्याबरोबर न्या. पेरुमाळनं त्याच्या पन्नास शब्दांतून शब्द वेचून उत्तर दिलं. "हम गिरता है. तुम निकालता है. तुम्हारा काम बड़ा." दादाला तेव्हा ते टाळल्यासारखं वाटलं आणि तो दिवसभर फुगून होता. पण पुढे चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. एका शाळेत पोहणं शिकवायला लागला, आणि नदीत कोणी बुडालं की पोलीस आधी त्याच्याकडे सायकल पाठवायचे. किती लोकांना त्यानं जिवंत बाहेर काढलं हे त्याला विचारलं की तो विषय बदलतो. बाबा मात्र शेवटच्या आजारपणात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नावं घेऊन सांगायचे.

पेरुमाळ आणि सेल्वम परत निघाले त्या दिवशी आम्ही चौघं स्टेशनवर गेलो. गाडी दुपारची होती. मणिअण्णा आधीच येऊन उभे होते. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर्ध्याच्या तिखटाची पुडी बांधून दिली होती, आणि पेरुमाळला दहा वेळा सांगत होती की रसमात हे अर्धंच टाक. त्यांचं सामान म्हणजे दोन पत्र्याच्या पेट्या आणि गुडघ्याला बांधायच्या चिंध्यांचं एक गाठोडं. सेल्वम नेहमीप्रमाणे भावाच्या डाव्या अंगाला उभा होता. अठरा दिवस मी त्याला तिथंच बघत आले होते, गच्चीवर, पंगतीत, रस्त्यावर. दोघं तसेच चालायचे, जोडलेल्या बैलांसारखे, आपापली बाजू ठरलेली.

गाडी फलाटाला लागली तेव्हा सेल्वमनं दोन्ही पेट्या खाली ठेवल्या. तो भावाच्या मागून फिरून उजवीकडे आला. तिथं उभा राहून जरासा वाकला, पेरुमाळच्या उजव्या कानाजवळ तोंड नेऊन हळूच काहीतरी म्हणाला. पेरुमाळ हसला. त्याच्या काही लक्षात आलं नाही. भाऊ या बाजूला का आला, असा विचारही त्याच्या मनात आला नसावा, कारण ऐकू आलं एवढ्यातच तो खूश होता. सेल्वमनं मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. आईकडे, बाबांकडे, दादाकडे, माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान अगदी बारीक, त्याला सांगू नका अशी, हलत होती.

बाबा मणिअण्णांकडे वळले आणि यंदा थंडी कशी लांबली आहे ते सांगू लागले. आई त्यात सामील झाली. गाडी सुटेपर्यंत आम्ही चौघं थंडीबद्दलच बोलत राहिलो.